सरकत्या खिडकीतलं पाणी

खिडकीतून पाणी आलं की पहिला हात सिलिकॉनच्या नळीकडे जातो. ‘सिलिकॉन मारून टाका’ हा सल्ला कुणीही देतो, आणि पहिल्या पावसात तो लागूही पडतो. भिंतीत कायमच्या बसवलेल्या काचेपुरता तो ठीक आहे. सरकत्या खिडकीला मात्र तोच सल्ला काही वर्षांत भिंत कुजवायला पुरतो, कारण ही खिडकी पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलीच नसते. थोडं पाणी आत घ्यायचं, खालच्या खाचेत जमवायचं आणि बाहेरच्या अंगाच्या भोकांतून परत सोडून द्यायचं, अशी तिची रचना असते. कडेच्या रबरी आणि केसाळ पट्ट्या पाण्याचा आणि वाऱ्याचा जोर मोडतात, बाकीचं काम निचरा करतो. पट्ट्या झिजल्या की बदलाव्याच लागतात. पण बदलताना पाण्याची बाहेरची वाट शाबूत राहिली की नाही, यावर सगळ्या मेहनतीचं फळ ठरतं.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात १९५८ साली गाडीमागे ओढायचे ट्रेलर बनवण्याचा कारखाना निघाला. गावातला व्यापारी जॉन के. हॅन्सन याच्या पुढाकाराने तोच पुढे विनेबेगो कंपनी झाला आणि १९६६ साली तिथून पहिली मोटरहोम बाहेर पडली. मोटारींसारखी ओळीने जोडणी करून किंमत खाली आणल्यामुळे सत्तरच्या दशकात ब्रेव्ह, इंडियन, चीफटन अशा नावांच्या या गाड्या अमेरिकेच्या हमरस्त्यांवर सर्रास दिसू लागल्या. बाजूला मोठ्या ‘डब्ल्यू’च्या आकाराचा रंगीत पट्टा ही त्यांची खूण. त्यांतल्या कितीतरी गाड्या अजून चालत्या आहेत. मालक इंजिन उघडतात, गिअरबॉक्स दुरुस्त करतात, पडदे शिवून घेतात. गाडीचा शेवट मात्र बहुतेक वेळा इंजिनामुळे होत नाही, पाण्यामुळे होतो.

कारण भिंतीत आहे. एसटीत पावसाळ्यात खिडकीशेजारी बसलेल्या प्रत्येकाला सरकत्या काचेची खडखड आणि मांडीवर येणारं पाणी ओळखीचं असतं. पण एसटीचं अंग पत्र्याचं. पाणी आलं, वाहून गेलं, प्रवासी भिजले, बस तशीच राहिली. विनेबेगोची भिंत थरांची आहे. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये पॉलिस्टायरीनचा फोम, आत पातळ प्लायवुड, आणि सगळं एकमेकांना चिकटवलेलं. वजनाला हलकी, थंडीला चांगली. खिडकीखालून एकदा पाणी या थरांत शिरलं की त्याला वाळायला हवा मिळत नाही. आधी प्लायवुडवर चहाच्या डागासारखा पिवळट ओघळ दिसतो, मग प्लायवुडचे पापुद्रे सुटतात, गोंद सुटतो, आणि बाहेरच्या पत्र्याला फुगवटा येतो. फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच काही गेलेलं असतं.

आता खिडकीकडे वळू. भिंतीत कापलेल्या चौकोनात ॲल्युमिनियमची चौकट बाहेरून बसवलेली असते. तिची किनार बाहेरच्या पत्र्यावर टेकते, किनार आणि पत्रा यांच्यामध्ये ब्यूटाइल नावाच्या चिकट, सहजी न वाळणाऱ्या रबराची पट्टी असते, आणि आतून दुसरी चौकट लावून स्क्रूने दोन्हींच्या चिमट्यात भिंत आवळलेली असते. चौकटीत दोन काचा. एक स्थिर, ती रबरी किंवा व्हिनाइलच्या पट्टीने खाचेत दाबून बसवलेली. दुसरी सरकती. तिच्या वर-खाली इंग्रजी ‘यू’च्या आकाराची पन्हळी असते आणि पन्हळीच्या आतल्या अंगाला बारीक, मखमलीसारखी लव. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे एक उभा दांडा असतो आणि त्यात केसांच्या ब्रशसारखी पट्टी. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे कारागीर तिला वूलपाइल म्हणतात. खालच्या खाचेच्या बाहेरच्या भिंतीत निचऱ्याची भोकं असतात. या गाडीच्या मालकांनाही कधी कधी ती ठाऊक नसतात, कारण तोवर ती मातीने बुजून पृष्ठभागाशी सपाट झालेली असतात.

या पट्ट्या झिजतात म्हणजे नेमकं काय होतं, हे प्रत्येकीचं वेगळं आहे.

नैसर्गिक रबर हे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं बनलेलं असतं आणि त्या साखळ्यांत ठरावीक अंतरावर कार्बनचे दुहेरी बंध असतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. गंधक याच दुहेरी बंधांच्या आधाराने साखळ्या एकमेकींना जोडतं, तरी बरेचसे दुहेरी बंध तसेच शिल्लक राहतात. हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. ओझोनचं प्रमाण अगदी नगण्य, दहा कोटी भागांत काही थोडे भाग इतकं असलं तरी पुरतं. अट एवढीच की रबर ताणलेलं हवं. म्हणून वळणावर ओढून बसवलेल्या पट्टीला ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात आणि सरळ भागातली तीच पट्टी धडधाकट दिसते. जुन्या खिडकीच्या कोपऱ्यावर नखाने पट्टी वाकवून पाहिली तर या भेगा उघडतात.

व्हिनाइलचं दुखणं निराळं. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. वॉल्डो सीमन या अमेरिकन रसायनज्ञाने १९२६ साली त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळून ते मऊ केलं आणि नळ्या, रेनकोट, खिडकीच्या पट्ट्या असा सगळा पसारा शक्य झाला. ही द्रव्यं रेणूंना बांधलेली नसतात, नुसती मध्ये मुरलेली असतात. उन्हाळ्यात तापलेल्या चौकटीत ती वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातात. मग पट्टी कडक होते आणि आक्रसते. स्थिर काचेच्या वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या टोकांमध्ये फट दिसली, तर बहुधा ती मुळात तशी कापलेली नव्हती, आक्रसल्यामुळे पडलेली आहे. तिथून आत गेलेलं पाणी चौकटीच्या आतून खाली उतरतं आणि डाग पडतो भलतीकडेच.

लवेच्या पन्हळीची गोष्ट सर्वांत विलक्षण. नायलॉनचे अगदी आखूड तंतू गोंद लावलेल्या पट्टीवर विजेच्या क्षेत्रात सोडले की ते आपोआप उभे राहून गोंदात रुततात, आणि त्यामुळे मखमल तयार होते. ही लव काच सैल न ठेवता सरकू देते, धूळ पुसते, खडखड मारते. पण काच रोज पुढेमागे होते, तिच्या कडेला वाळूचे कण असतात, आणि काही वर्षांत खालच्या बाजूची लव पार झिजून खालचं रबर उघडं पडतं. काही पन्हळींच्या पोटात आकार टिकावा म्हणून पोलादी पट्टी असते. ती गंजली की फुगते आणि काचेला दोन्हीकडून आवळते. खिडकी सरकेनाशी झाली की लोक जोर लावतात, मूठ तुटते, कधी काचच जाते. खिडकी जड सरकते आहे याचा अर्थ तेल कमी पडलंय असा घेणं घाईचं ठरतं. पन्हळीच्या आत काय चाललंय ते आधी पाहावं.

आता पाणी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जी. के. गार्डन यांनी १९६३ साली इमारतींतल्या पावसाच्या गळतीवर एक छोटी टिपणवजा पुस्तिका लिहिली. तिचं म्हणणं साधं होतं. गळतीला तीन गोष्टी एकत्र लागतात. पृष्ठभागावर पाणी, त्यात फट, आणि फटीतून पाण्याला आत ढकलणारं बळ. यांतली एकही काढून घेतली तर गळती थांबते. पाणी थांबवणं आपल्या हातात नाही. प्रत्येक फट कायमची बुजवणं व्यवहारात जमत नाही, कारण वस्तू हलतात, तापतात, झिजतात. उरतं ते बळ, आणि ते कमी करणं शक्य आहे. चांगली सरकती खिडकी हेच करते. इमारतींसाठी लिहिलेलं हे टिपण मोटरहोमच्या मालकाने वाचावं असं मला फार वाटतं, कारण सिलिकॉनचा मोह त्याने जितका उतरतो तितका दुसऱ्या कशानेच उतरत नाही.

हे बळ किती असतं? ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा सरळ खिडकीवर आदळला तर त्याचा दाब साधारण १३५ पास्कल होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण हा दाब सुमारे १४ मिलिमीटर पाणी उचलून धरतो. वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की तोच आकडा २४ मिलिमीटरवर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वारा मागे लागला की खाचेतलं पाणी आतल्या काठावर चढतं आणि काठ दीड सेंटीमीटरचा असेल तर ओलांडूनही जातं. बाहेरच्या पट्ट्या धड असतील तर खाचेत येणारं पाणी मुळात कमी असतं, आणि आतल्या पट्ट्या हवा अडवत असतील तर खाचेतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच होतो. दोन्हीकडे दाब सारखा झाला की पाण्याला आत ढकलणारं काही उरत नाही, ते भोकातून निमूट खाली उतरतं. म्हणजे हवा आतल्या बाजूला अडवायची आणि पाणी बाहेरच्या बाजूला सोडायचं. आतली पट्टी झिजली की हवा खाचेतून सरळ आत वाहू लागते आणि जाताना पाणी घेऊन जाते. छतावरचा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू असेल तर गाडीच्या आत दाब आणखी उतरतो, आणि खाचेतल्या पाण्यात अक्षरशः बुडबुडे येताना दिसतात. जोराच्या पावसात पंखा बंद केल्यावर गळती थांबली, तर आतली पट्टी गेली आहे हे जवळपास नक्की समजावं.

दुसरं बळ पाण्याच्या स्वतःच्या अंगचं. ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब धरून राहतो, आणि ढोबळ हिशेबाने सुमारे १० मिलिमीटर उंचीचं पाणी वर साचेपर्यंत तो सुटत नाही. भोक ६ मिलिमीटरचं केलं की ही उंची निम्मी होते. त्यात भोकाच्या तोंडाशी लवेचे तंतू, मेलेली चिलटं आणि जुन्या ग्रीजमध्ये कालवलेली धूळ बसली की भोक असून नसल्यासारखं. मी अशा खाचा जवळून पाहिल्या आहेत. वरून काळी मऊ माती दिसते, टोकदार काडीने उकरली की ती सलग वडीसारखी निघते, आणि तिच्या खालच्या बाजूला भोकाचा गोल ठसा उमटलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की इथे भोक ठेवलेलंच नाही.

गाडी उभी कशी आहे यानेही फरक पडतो. भोकं खाचेच्या दोन टोकांना असतील आणि गाडी किंचित एका अंगाला कलून उभी असेल, तर सगळं पाणी एकाच टोकाला जमतं. घराशेजारच्या उतारावर गाडी महिनोन्‌महिने उभी असते आणि प्रत्येक पावसात एकाच खिडकीच्या एकाच कोपऱ्याखाली ओल येते, तेव्हा हे कारण आधी पाहावं. शिवाय प्रत्येक ओल गळतीची नसते. थंडीच्या रात्री बंद गाडीत माणसं झोपली, स्वयंपाक झाला, की एकेरी काचेवर आतून दव धरतं आणि खाचेत उतरतं. पाऊस नसताना सकाळी खाच ओली दिसली तर पट्ट्यांना दोष देऊ नये. तेही पाणी बाहेर जायला हवं, आणि त्याचीही वाट तीच भोकं.

तपासायची रीत सोपी आहे. पेलाभर पाणी सावकाश खालच्या खाचेत ओतावं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून पाहावं. पाणी लगेच भोकांतून बाहेर आलं तर निचरा ठीक. खाचेतच उभं राहिलं तर भोकं बुजलेली. पाणी खाचेतून नाहीसं झालं आणि बाहेरही दिसलं नाही, तर लक्षण वाईट आहे. चौकटीच्या सांध्यातून ते भिंतीत जातंय. त्यानंतर बाहेरून पाण्याची नळी धरावी, पण वरून सुरुवात करू नये. खालच्या किनारीपासून सुरू करून दर टप्प्यावर काही मिनिटं थांबत वर जावं, आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसावं. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. नळीही हळू सोडलेली हवी. जोराच्या फवाऱ्याने कुठलीही धडधाकट खिडकी गळते.

खिडकी काढायचं ठरलं की दोन माणसं लागतात. आतला माणूस आतल्या चौकटीचे स्क्रू काढतो, बाहेरचा खिडकी धरून असतो. ब्यूटाइल इतकं चिकटलेलं असतं की शेवटचा स्क्रू निघाला तरी खिडकी जागची हलत नाही, आणि मग अचानक सुटते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने किनारीमागून ब्यूटाइल कापत जावं, पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. ॲल्युमिनियमला पडलेली घडी परत सरळ होत नाही. काच टफन केलेली असते. ती कापता येत नाही, आणि तिच्या कडेला टणक वस्तूचा एक ठोका बसला तर सबंध काच बारीक तुकड्यांत कोसळते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि काच ठेवायची ती जाड सतरंजीवर, उभी धरून नेऊन. मधला उभा दांडा बहुधा वर एक आणि खाली एक अशा स्क्रूंवर असतो. तो निघाला की सरकती काच मधोमध आणून पन्हळीतून काढता येते.

जुनी पट्टी ओढून फेकून देण्याआधी प्रत्येक प्रकारचा बोटभर तुकडा जपून ठेवावा. तोही जिथे ऊन लागलेलं नाही आणि काच घासलेली नाही, अशा जागचा, म्हणजे स्थिर काचेच्या मागे दडलेल्या टोकाचा. तिथे मूळ आकार आणि मूळ उंची टिकलेली असते. केसाळ पट्टीची पाठ खाचेत सरकवायची असते. अमेरिकेत या पाठीच्या ठरलेल्या रुंदी आहेत, त्यांत ४.८ आणि ६.९ मिलिमीटर या फार आढळतात. रुंदी चुकली तर पट्टी बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. खरी गफलत होते केसांच्या उंचीत. झिजलेल्या जागेवर मोजून घेतलेली नवी पट्टी तितकीच आखूड येते आणि पहिल्या दिवसापासून गळते. घाबरून फार उंच घेतली तर केस आडवे पडतात, काच जड होते आणि खिडकी ओढताना रोज त्यांची मुळं उपटली जातात. केस काचेला जेमतेम टेकून थोडे दबतील एवढी उंची हवी. केसांच्या मधोमध प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी. केसांमधून झिरपणारी हवा तो पडदा अडवतो, आणि हवा अडवली की काय होतं ते वर पाहिलंच.

रबर घ्यायचं तर ईपीडीएम. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोनला धरायला जागा मिळत नाही. हे रबर तयार होतं ते कार्ल झीग्लर आणि जुलिओ नात्ता यांनी शोधलेल्या धाटणीच्या उत्प्रेरकांमुळे. त्या दोघांना त्या शोधासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं १९६३ साली, म्हणजे गार्डन यांचं टिपण निघालं त्याच वर्षी. म्हणजे विनेबेगोची पहिली मोटरहोम रस्त्यावर येण्याच्या तीन वर्षं आधी तिच्या खिडक्यांना लागणारं रसायन आणि भौतिकशास्त्र दोन्ही कागदावर तयार होतं, हे मला मोठं आनंदाचं वाटतं. ईपीडीएमचा एक दोष ध्यानात ठेवावा. खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. ग्रीज, इंजिन ऑइल, गंजलेले स्क्रू सोडवायचा फवारा, यांतलं काहीही त्याला लावू नये. बसवताना साबणाचं पाणी आणि नंतर सरकण्यासाठी सिलिकॉनचा कोरडा फवारा, एवढंच.

साफसफाईला मनापासून वेळ द्यावा. ब्यूटाइलचे अवशेष प्लास्टिकच्या पात्याने खरवडून उरलेलं मिनरल टर्पेंटाइनने पुसता येतं. जुनं सिलिकॉन मात्र कण न्‌ कण काढावं लागतं, कारण त्याच्या पातळ थरावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनही भरवशाने नाही. आधीच्या मालकाने मारलेलं सिलिकॉन काढण्यात पट्ट्या बदलण्याहून जास्त वेळ जातो. ॲल्युमिनियमवर कॉस्टिकचं कुठलंही द्रावण लावू नये, ते धातू खातं. पोलादी घासणीही नको, तिचे तुटलेले तंतू खाचेत राहून गंजतात. चौकटीचा सांधा आतून कोरडा करून त्यात सांध्यांसाठीचं पातळ सीलंट भरावं. सीलंटची या खिडकीतली न्याय्य जागा ही एवढीच.

पट्टी बसवताना सर्वांत मोठा मोह असतो ती ओढून सरळ करण्याचा. ओढून बसवलेलं रबर पुढच्या काही महिन्यांत परत आपल्या लांबीवर येतं आणि कोपऱ्यात फट सोडतं, आणि ताणलेलं रबर ओझोनलाही आधी बळी पडतं. म्हणून मीटरमागे एखादा सेंटीमीटर जास्तच कापावी, आधी दोन्ही टोकं बसवावीत, मग मध्य, आणि मग उरलेला फुगवटा दोन्हीकडून थोडा थोडा आत दाबत न्यावा. काम उबदार दिवशी करावं. थंडीत व्हिनाइल वळत नाही. पट्टीची दोन टोकं जिथे मिळतात तो सांधा वरच्या बाजूला ठेवावा, खाली कधीच नाही. कोपऱ्यात ४५ अंशांत कापलेली ईपीडीएमची टोकं साध्या झटपट गोंदाने पक्की जुळतात.

खालची पन्हळी बसवण्याआधी चौकटीतली भोकं कुठे आहेत त्याच्या खुणा करून घ्याव्यात, आणि पन्हळीच्या तळाला बरोबर त्या जागी भोकं कापावीत. हे राहून गेलं तर नवीकोरी पन्हळीच निचरा बंद करते. काच लोण्यासारखी सरकते, खडखड थांबते, मालक खूश होतो, आणि भिंत पहिल्यापेक्षा जोरात भिजू लागते. पट्ट्या बदलल्यानंतर गळती वाढली अशी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय इथेच जातो.

काच आणि चौकट यांच्यामध्ये मोकळी जागा का सोडायची, तेही सांगितलं पाहिजे. आयोवात हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली जातो आणि उन्हाळ्यात उन्हातला पत्रा चांगलाच तापतो. ६० अंशांच्या फरकात मीटरभर ॲल्युमिनियम जवळपास दीड मिलिमीटर वाढतं, काच त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा फरक पट्टीने पोटात घ्यायचा असतो. काच चौकटीला घट्ट जखडली तर सांधा कुठेतरी सुटणारच, आणि तो नेमका न दिसणाऱ्या जागी सुटतो. अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये एखादी खिडकी संकटकाळी बाहेर पडण्यासाठी असते, तिच्या कड्या सहसा लाल असतात. ती तर कुठल्याही कारणाने सीलंटने बुजवू नये. गॅसची शेगडी आणि लाकडी कपाटं असलेल्या गाडीत आग लागली तर मागच्या पलंगावरच्या माणसाला तोच एक रस्ता असतो.

युरोपातल्या पुष्कळ मोटरहोमना काचेऐवजी ॲक्रिलिकच्या दुपदरी खिडक्या असतात. त्यांचं शास्त्र हेच, फक्त स्पिरिट, थिनर असलं काही त्यांच्या जवळ नेऊ नये. ॲक्रिलिकमध्ये बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि ते परत जात नाही. साबणपाणी पुरे.

खिडकी परत बसवताना किनारीला सगळीकडून अखंड ब्यूटाइल लावावं, सांधा पुन्हा वरच्याच बाजूला. स्क्रू हाताने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. मशिनने एका दमात आवळले तर चौकट पिळवटते आणि सरकती काच अडते. ब्यूटाइल हळूहळू बाहेर येतं, म्हणून उन्हाचे काही दिवस गेल्यावर स्क्रू पुन्हा एकदा हाताने पाहावेत आणि बाहेर आलेलं ब्यूटाइल प्लास्टिकच्या पात्याने कापून घ्यावं. खिडकीच्या वर छोटी पन्हळ नसेल तर ती जरूर लावावी. छतावरच्या सगळ्या पागोळ्या खिडकीच्या डोक्यावर पडू देण्यात अर्थ नाही. गार्डन यांच्या तीन गोष्टींतली पहिली, पाणी, निदान एवढ्यापुरती आपल्या हातात आहे.

मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींत पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांतून दर जून-जुलैत हीच तक्रार येते. स्लायडिंगच्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी भरतं, बुडबुडे येतात आणि पाणी ओट्यावर, गादीवर उतरतं. तिथेही ॲल्युमिनियमचा तोच सेक्शन, तीच वूलपाइल, तीच बाहेरची भोकं. काही घरांत रंगकाम करताना ती पुट्टीने भरून गेलेली असतात, काही ठिकाणी मुंग्या येतात म्हणून मुद्दाम बुजवलेली. इथेही उपाय त्याच क्रमाने करायचा. आधी ट्रॅक उकरून भोकं मोकळी करायची, मग पेलाभर पाणी ओतून पाहायचं, आणि त्यानंतरच कारागिराला बोलावून वूलपाइल बदलून घ्यायची. उंचावरच्या मजल्यावर बाहेरच्या अंगाचं काही करायचं असेल तर ते त्याच्यावरच सोपवावं. तो सिलिकॉनची नळी काढू लागला तर त्याला विचारावं, की भोकं कुठे आहेत ते आधी दाखव.